पिंजरा क्रमांक एक्केचाळीस

जुलैच्या शेवटी हुकूम आला : यंदा राज्यातल्या कुठल्याच जत्रेत पक्षी नकोत.
घरोघरची कोंबडी झाकली गेली,
तरी डॅरो काउंटीत उजाडायचं ते उजाडलंच,
पावणेसहाला, पत्र्याच्या शेडवर,
कुणीही न आरवता.

बावीस वर्षं मी या शेडमध्ये परीक्षकाच्या मागे
फळी धरून उभी राहते. तो बोलतो ते लिहिते.
"तुऱ्याला फुटवा. बाद."
"पाय फिकट, म्हणजे अंडी भरपूर."
एरवी कानात कापूस घालावा लागतो.
यंदा शेजारच्या रांगेतले ससे ऐकू येत होते,
म्हणजे सशांचं काहीच न करणं ऐकू येत होतं,
आणि त्यापलीकडे एक बोकड
कुणाची तरी निळी फीत सावकाश चावत होता.

मुलांना सांगितलं होतं, पक्ष्याऐवजी काहीही आणा.
सोल्वाय टोरकेलसननं आजोबांचं लाकडी बदक आणलं,
तळ्यावर खरी बदकं फसवायचं,
चोचीचा रंग उडालेलं.
न्या लोरनं स्वेटरची बाही शिवून मक्यानं भरली होती,
काट्यावर नेमकी साडेसहा पौंड.
"नाहीतर हात खोटं बोलतील," म्हणाला.
एका पोरानं विचारलं, तळलेली चालेल का.
त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

परीक्षक थर्लो व्हेनर, वय एक्क्याऐंशी,
पांढरा डगला इस्त्रीचा, हसला नाही.
लाकडी बदकाच्या छातीवर अंगठा दाबला.
"घट्ट आहे."
मी लिहिलं : घट्ट.

मग वेरेना क्लोट आली. रिकाम्या हातांनी.
क्लोटांच्या खुराड्यांवर मे महिन्यात
पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली होती.
हे सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून सगळे एकदम सशांकडे बघायला लागले.

ती पिंजरा क्रमांक एक्केचाळीसपाशी गेली. कडी काढली.
दोन्ही हात आत घातले
आणि डोकं आधी बाहेर येईल अशा बेतानं काहीतरी काढलं,
डाव्या कोपराखाली दाबलं.
टेबलाशी येताना मध्येच एकदा थांबली.
पंख सुटला असावा. तो आवरला.

"पंख उघड," थर्लो म्हणाला.
उघडला.
"मोज."
बोट हवेत सारखं अंतर राखत सरकलं.
एक. दोन. तीन. सातावर अडलं.
"हे तुटलंय. एप्रिलमध्ये कुंपणात अडकलं होतं."

"मग? पुन्हा कधी येईल?"
हा प्रश्न तो दरवर्षी प्रत्येक पोराला विचारतो,
तोंडातून निघून गेला.
मी फळीकडे बघत राहिले.
बोकडानं चावणं थांबवलं, किंवा मला तसं वाटलं.

"जुनी पिसं झडली की," वेरेना म्हणाली.
पुस्तकात दिलंय तसंच उत्तर,
एक शब्द इकडचा तिकडे नाही.
थर्लोनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
पुन्हा काढला.
"बरोबर आहे."

दोष : सातवं पीस.
वजनाच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
तिच्या मनगटांकडे पाहिलं
आणि सात लिहिलं.
तिनं परत ठेवली, डोकं आधी, शेपूट मागून.
कडी लावून एकदा ओढून पाहिली.

संध्याकाळी पोरं पिंजरे मोडून थप्प्या लावत होती.
बारचा तो नवा मुलगा, कानात वायर घातलेला,
एक्केचाळीसच्या कडीला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं,
तो राहू दे. शेवटी बघू.
"का? आत काय आहे?"

माझ्या हातात फळी होती.
मी वाचून दाखवलं :
प्लायमाउथ रॉक, मादी, सात पौंड.